धक्का अंगावर घेणारा

स्वीडनच्या टपाल खात्याने १९९५ साली एक तिकीट काढलं. त्यावर बर्फावर हात लांबवणारा गोलरक्षक आहे आणि त्याच्या हातमोज्याजवळून एका हाताने पक, म्हणजे आइस हॉकीची चकती, आत सरकवणारा एक तरुण. हा तरुण म्हणजे पीटर फोर्सबर्ग, या पुस्तकाचा नायक. स्वीडनमध्ये त्याला लहानथोर ‘फोप्पा’ म्हणतात.

तिकिटावरचा क्षण २७ फेब्रुवारी १९९४चा. नॉर्वेत लिलेहॅमरला हिवाळी ऑलिंपिक चालू होतं आणि आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात स्वीडनसमोर कॅनडा होता. ठरलेल्या वेळेत २-२, जादा वेळेतही गोल नाही, मग पेनल्टी. पाच-पाच फटके झाले तरी बरोबरी सुटेना. सातव्या फेरीला वीस वर्षांचा फोर्सबर्ग मध्यातून निघाला. सरळ गोलाच्या रोखाने आला आणि जवळ पोचताच वेग न मोडता डावीकडे वळला. कॅनडाचा गोलरक्षक कोरी हर्श त्याच्याबरोबर सरकला. सरकण्यावाचून त्याला इलाजच नव्हता, कारण फोर्सबर्गचे खांदे, नजर, सगळं शरीर त्याच बाजूला चाललं होतं. शेवटच्या क्षणी त्याने स्टिकवरचा एक हात सोडला, उरलेल्या हाताने स्टिक उलट्या बाजूला लांबवली आणि उघड्या पडलेल्या कोपऱ्यात पक हलकेच ढकलला. हर्शचा हातमोजा थोडक्यात चुकला. त्यानंतर कॅनडाचा पॉल कारिया आला, स्वीडनचा गोलरक्षक टॉमी सालोने त्याला अडवलं आणि स्वीडनला ऑलिंपिक आइस हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

ही चाल फोर्सबर्गची स्वतःची नव्हती. केंट निल्सन या स्वीडिश खेळाडूने १९८९च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेविरुद्ध ती केली होती आणि फोर्सबर्गने ती ध्यानात ठेवली होती. तरी नाव झालं ते त्याचंच. आज कुठल्याही देशातल्या कुठल्याही पोराने ती केली, तरी समालोचक ‘फोर्सबर्ग’ म्हणूनच ओरडतो. हर्शने मात्र तिकिटावर आपली छबी वापरायला नकार दिला. मग चित्रकाराने गोलरक्षकाच्या जर्सीचा रंग बदलला, आकडा बदलला आणि काम भागवलं. पुढे हर्शला या नकाराचा पस्तावा झाला, तो त्याने उघडपणे बोलूनही दाखवला.

हे तिकीट मला एका अर्थी अन्यायाचं वाटतं, हर्शवर नव्हे, फोर्सबर्गवर. पेनल्टी हा आइस हॉकीतला असा एकमेव प्रसंग, की जिथे पक घेऊन जाणाऱ्याला कुणी हात लावू शकत नाही. समोर एकटा गोलरक्षक, मागेपुढे मोकळा बर्फ. आणि फोर्सबर्ग काय चीज होता हे कळायचं ते अंगाला अंग भिडल्यावर. त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र नेमकं त्याच्या खेळातली मुख्य गोष्ट वगळून काढलेलं आहे. हे पुस्तक ती गोष्ट परत आत आणतं, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

आता थोडं या खेळाविषयी. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, खडकीच्या गल्ल्यांतून वर आलेला धनराज पिल्ले येतो. बर्फावरची हॉकी आपल्याकडे खेळली जाते ती मुख्यतः लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर. टोरांटोत किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरांना मात्र हा खेळ नवा नाही. तिथे शेजारच्या पोरांबरोबर आपलीही पोरं पहाटेच्या सरावाला जातात आणि आईबाप थर्मासमधला चहा घेऊन काचेमागे कुडकुडत बसतात. बाकीच्या वाचकांसाठी तीन गोष्टी सांगतो, तेवढ्यावर हे पुस्तक वाचता येईल.

पहिली, धक्का. ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने, कमरेने धडक देणं या खेळात नियमबाह्य नाही, ते बचावपटूचं कामच आहे. मैदानाला लाकडी-प्लास्टिकच्या भिंती असतात आणि खेळाडूला त्या भिंतीवर दाबून पक काढून घेणं ही रोजची गोष्ट. दुसरी, पाळी. गोलरक्षक सोडून पाच जण बर्फावर असतात आणि जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून खेळून ते बाकावर परततात, दुसरे पाच उतरतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असेच जातात. तिसरी, असिस्ट. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, तसाच त्याच्या आधी ज्या दोघांनी पक पुढे दिला त्यांनाही एकेक मिळतो. फोर्सबर्गने उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ७०८ सामन्यांत ८८५ गुण मिळवले. त्यांतले गोल २४९ आणि असिस्ट ६३६. म्हणजे एक गोल स्वतः मारला तर अडीच दुसऱ्याच्या पदरात टाकले. हे प्रमाण लक्षात ठेवावं.

फोर्सबर्गचा जन्म २० जुलै १९७३चा, अर्नशोल्ड्सविकचा. स्टॉकहोमहून उत्तरेला पाचशे किलोमीटरवर, बोथनियाच्या आखाताच्या काठी वसलेलं हे गाव. वस्ती तीस हजारांच्या आसपास. लाकूड, लगदा, कागद यांवर पोट भरणारं. गावच्या क्लबचं नाव मोडो, तेही कागदाच्या कंपनीवरूनच पडलेलं. गावात शिरलं की घरांच्या डोक्यावर डोंगराच्या उतारावरची स्की-जंपची घसरण दिसते. एवढ्याशा गावाने आइस हॉकीला काय दिलं ते पाहून चक्रावायला होतं. सत्तरच्या दशकात अमेरिका-कॅनडात जाऊन नाव कमावणारा अँडर्स हेडबर्ग इथला. मार्कुस नेस्लुंड इथला, तो तर फोर्सबर्गहून फक्त दहा दिवसांनी लहान. हेन्रिक आणि डॅनिएल सेदीन ही जुळी भावंडं इथली. पुढच्या पिढीतला बचावपटू व्हिक्टर हेडमनही इथलाच.

लांब हिवाळा, हाताशी रिंक आणि करमणुकीची दुसरी साधनं कमी, हे कारण सगळे देतात. ते खरं आहे, पण उत्तर स्वीडनमधल्या बऱ्याच गावांना ते लागू पडतं. मला वाटतं, इथे गाव आणि क्लब यांच्यात अंतर नव्हतं. मोठ्या संघाचे खेळाडू सगळ्या गावाच्या ओळखीचे असत आणि पोरं त्यांच्याच रिंकवर सरावाला जात. फोर्सबर्गच्या घरात तर प्रशिक्षकच होता. वडील केंट फोर्सबर्ग यांनी मोडोच्या संघाला शिकवलं आणि पुढे स्वीडनच्या राष्ट्रीय संघालाही. बापाच्या हाताखाली खेळणाऱ्या पोराला वशिल्याचं म्हणून चिडवणारे सगळीकडे असतात. पीटरने १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ दोन वर्षं स्वीडनच्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘गुल्डपुकेन’ मिळवला आणि तो विषय संपला.

१९९३च्या सुरुवातीला गावले इथे झालेल्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत त्याने सात सामन्यांत ३१ गुण केले, त्यांत २४ असिस्ट. हा विक्रम अजून अबाधित आहे. त्याच्या असिस्टवर मुख्यतः गोल मारत होता तो बालमित्र नेस्लुंड, त्याचे त्या स्पर्धेत १३ गोल. यात जपानविरुद्धच्या २०-१ अशा विजयाचाही वाटा आहे हे सांगितलं पाहिजे. विक्रमांच्या पोटात असे सामने असतातच. आणि एवढं करूनही सुवर्णपदक कॅनडाने नेलं, स्वीडनच्या वाट्याला रौप्य आलं.

त्याआधीच त्याच्या नकळत त्याचं आयुष्य एका विलक्षण सौद्यात अडकलं होतं. एनएचएलमध्ये दरवर्षी तरुण खेळाडूंची निवड होते, त्यात आदल्या मोसमात मागे पडलेल्या संघांना आधी संधी मिळते. १९९१ साली पहिली निवड क्वेबेक नॉर्डिक्सची होती. त्यांनी एरिक लिंड्रोसला घेतलं. हा कॅनडाचा धिप्पाड पोरगा, येत्या दशकाचा राजा अशी त्याची ख्याती. सहाव्या क्रमांकावर फिलाडेल्फिया फ्लायर्सने फोर्सबर्गला घेतलं, तेव्हा बऱ्याच जाणकारांच्या भुवया उंचावल्या. इतक्या वर हा पोरगा कशाला? नेस्लुंडला पिट्सबर्गने सोळाव्या क्रमांकावर घेतलं.

लिंड्रोसने क्वेबेककडून खेळायला साफ नकार दिला. वर्षभर ताणून धरल्यावर जून १९९२मध्ये क्वेबेकच्या व्यवस्थापनाने त्याचा सौदा केला, आणि तोही एकाच वेळी दोन संघांशी, फिलाडेल्फियाशी आणि न्यूयॉर्क रेंजर्सशी! दोघांनाही वाटलं, लिंड्रोस आपलाच. शेवटी लवाद नेमावा लागला. लवाद लॅरी बर्टुझी यांनी निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने दिला. एका लिंड्रोससाठी फिलाडेल्फियाने अर्धा डझन खेळाडू, पुढच्या निवडींतले पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि दीड कोटी डॉलर मोजले. त्या ढिगाऱ्यातलं एक नाव होतं फोर्सबर्ग. तो तेव्हा मोडोकडूनच खेळत होता, एनएचएलमध्ये पाऊलही ठेवलेलं नव्हतं. लिंड्रोस मोठा खेळाडू झाला, त्यात वाद नाही. पण डोक्याला बसलेल्या माराने त्याची कारकीर्द कुरतडली आणि एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप त्याला कधीच मिळाला नाही. फोर्सबर्गने तो दोनदा उचलला. पुस्तकातलं या सौद्यावरचं प्रकरण मी दोनदा वाचलं. लवादासमोर काय झालं हे एखाद्या वाटणीच्या दाव्यासारखं रंगलं आहे.

जानेवारी १९९५मध्ये, मालक आणि खेळाडूंच्या भांडणाने अर्धा झालेल्या मोसमात, तो क्वेबेककडून उतरला. ४७ सामन्यांत ५० गुण मिळवून त्याने सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेतली. आणि उन्हाळ्यात संघ विकला गेला. नॉर्डिक्स क्वेबेक सोडून डेन्व्हरला गेले, नाव झालं कोलोरॅडो अ‍ॅव्हलाँच. वर्षानुवर्षं तळाला असलेला संघ ज्यांनी आशेने सांभाळला, त्या क्वेबेकवासीयांना डेन्व्हरमधला पुढच्याच वर्षीचा जल्लोष टीव्हीवर बघावा लागला. कारण १९९६ साली अ‍ॅव्हलाँचने फ्लोरिडा पँथर्सचा चार सामन्यांत धुव्वा उडवून स्टॅन्ली कप जिंकला. दुसऱ्या सामन्यात फोर्सबर्गने पहिल्याच भागात तीन गोल मारले. त्या मोसमात त्याचे ११६ गुण झाले आणि तो सगळे, म्हणजे ८२ सामने खेळला. असा पूर्ण मोसम त्याच्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

का आला नाही, हे समजायला तो खेळायचा कसा हे पाहावं लागतं. एनएचएलचा रिंक युरोपातल्या रिंकपेक्षा चांगला चार मीटरने अरुंद. जागा कमी, म्हणून धडका जास्त. युरोपातून येणारे कसबी खेळाडू तिथे गुदमरत. त्यातून स्वीडिश खेळाडू भित्रे, धक्का बसला की पक सोडून देतात, अशी कॅनडात जुनी समजूत होती. फोर्सबर्ग जन्मला त्याच वर्षी, १९७३मध्ये, बोर्ये साल्मिंग टोरांटोला गेला आणि मार खाऊन, टाके घालून घेऊन त्या समजुतीशी झगडला. साल्मिंग बचावपटू होता. त्याने दाखवलं की स्वीडिश माणूस मार सोसू शकतो. फोर्सबर्ग आघाडीचा खेळाडू, आणि त्याला मार हवाच असायचा.

ही अतिशयोक्ती नाही. सहा फूट उंचीचा हा माणूस राक्षसी देहाचा नव्हता. पक घेऊन भिंतीजवळ जायचा, गुडघे वाकवून कंबर मागे काढायचा, एका हाताने स्टिक पुढे धरून पक दूर ठेवायचा आणि दुसरा हात, खांदा, पाठ प्रतिस्पर्ध्याला द्यायचा. बचावपटू अंगावर आला की फोर्सबर्गला दोन गोष्टी कळत. हा आता कुठे आहे, आणि म्हणून तो कुठे नाही. तो जिथे नाही तिथे फोर्सबर्गचा सहकारी मोकळा असे. कबड्डीत एखादा मुरलेला चढाईपटू कोपरारक्षकाला मुद्दाम पाय धरू देतो आणि त्याच्याच ओढीचा फायदा घेऊन मध्यरेषेकडे झेपावतो, तसा हा प्रकार. धडक टाळण्यासाठी पक सोडायचा नाही, धडक बसेपर्यंत थांबायचं. तोवर समोरचे दोघे आपल्याकडे खेचले जातात, मग पक द्यायचा. ६३६ असिस्टमधले कितीतरी असे, पाठीवर माणूस घेऊन दिलेले आहेत.

याच्या पुढची त्याची खोड तर औरच. धडक द्यायला येणाऱ्याच्या पावलांचा अंदाज घेऊन तो ऐन वेळी स्वतःच आधी अंग टाकायचा. मारायला आलेलाच बर्फावर बसायचा आणि पक फोर्सबर्गकडेच. जुन्या चित्रफिती संथ गतीने बघितल्या तर एक गोष्ट दिसते: अशा वेळी त्याची मान वर असते. डोळे पकवर नाहीत, बचावपटूवरही नाहीत, पलीकडे कुणीतरी धावत येतोय त्याच्यावर आहेत. कसब आणि ताकद असे दोन रकाने करून खेळाडूंची वर्णी लावायची सवय आपल्या क्रीडालेखनाला आहे. फोर्सबर्ग कुठल्याच रकान्यात मावत नाही. त्याच्या बाबतीत धक्का हाच कसबाचा भाग होता.

आणि काळ कुठला, तर नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. न्यू जर्सी डेव्हिल्सने मधल्या पट्ट्यात सापळा लावून सामने गळा दाबल्यासारखे बंद करायची पद्धत रूढ केली होती. स्टिकने ओढणं, कमरेला मिठी मारणं, याकडे पंच काणाडोळा करत. गोल आटले होते. त्या काळात सामन्यामागे सव्वा गुण ही सरासरी राखणं म्हणजे काय, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. २००५मध्ये लीगने याविरुद्धचे नियम कडक केले. फोर्सबर्गचं आयुष्य ज्या नियमांनी सोपं झालं असतं ते लागू झाले, तेव्हा त्याचा पाय निकामी व्हायला लागला होता.

तो साधू नव्हता, हेही नोंदवायला हवं. लाथाळ्या, कोपरखळ्या, उलट वार यांत मागे नसे. डेट्रॉइट आणि कोलोरॅडो यांच्यातल्या वैराची २६ मार्च १९९७ची हाणामारी अमेरिकेत अजून आठवली जाते. दोन्ही गोलरक्षकही एकमेकांना भिडले. ती सुरू झाली फोर्सबर्ग आणि रशियाचा इगोर लारिओनोव्ह यांच्यातल्या झटापटीतून. दोन्ही संघांतले सगळ्यांत कलासक्त म्हणावेत असे हे दोघे!

शरीराने या सगळ्याचा हिशेब मागितलाच. ९ मे २००१ रोजी लॉस एंजेलिस किंग्जविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना जिंकून संघ रात्रीच्या जेवणाला गेला. तिथे फोर्सबर्गच्या पोटात कळा येऊ लागल्या. इस्पितळात नेलं तर प्लीहा फाटलेली. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून ती काढून टाकली. त्याच्याशिवाय खेळून संघाने न्यू जर्सीला सात सामन्यांत हरवलं आणि दुसरा स्टॅन्ली कप आणला. पुढचा अख्खा साखळी मोसम त्याने विश्रांतीत काढला. २००२च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकलाही तो नव्हता. तिथे स्वीडन बेलारूसकडून हरलं आणि लिलेहॅमरचा नायक सालो एका फटक्यात देशाचा खलनायक झाला. मग वर्षभर एकही सामना न खेळलेला फोर्सबर्ग थेट बाद फेरीत उतरला. वीस सामन्यांत २७ गुण, त्या वर्षीच्या बाद फेरीत सर्वांत जास्त, तेही अंतिम फेरी न गाठता. उपांत्य मालिकेच्या सातव्या सामन्यात डेट्रॉइटने कोलोरॅडोला ७-० असं बुकललं.

त्याच्या कारकिर्दीचं शिखर मी या २००२च्या वसंतात मानतो. रूढ हिशेबाने ते २००२-०३च्या मोसमात आहे. ७५ सामने, १०६ गुण, सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी आणि सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी. हा मान मिळवणारा तो पहिला स्वीडिश. शर्यत होती नेस्लुंडशी. दहा दिवसांच्या अंतराने एकाच गावात जन्मलेले दोघे जगातल्या सर्वांत अवघड लीगमध्ये पहिल्या-दुसऱ्या जागेसाठी झुंजत होते आणि निकाल शेवटच्या दिवसावर गेला. नेस्लुंडचे १०४ झाले. त्याच दिवशी त्याचा व्हँकुव्हर संघ हरला आणि विभागाचं विजेतेपदही एका गुणाने कोलोरॅडोकडे गेलं. त्या रात्री अर्नशोल्ड्सविकमध्ये आनंद करायचा की हळहळायचं, हा प्रश्नच पडला असेल.

नंतरची गोष्ट पायाची. उजव्या पावलाची ठेवण मुळातच अशी, की ते स्केटमध्ये नीट बसायचं नाही. आइस हॉकीत वळणं, थांबणं, धडक पेलणं सगळं घोट्यातून होतं. शस्त्रक्रिया झाल्या, खास साच्याचे स्केट्स झाले, आतले पत्रे, पट्ट्या, पॅड बदलून झाले. फिलाडेल्फिया, तिथून नॅशव्हिल, पुन्हा कोलोरॅडो, अधूनमधून मोडो, अशी फिरती झाली. २००७-०८च्या साखळीत तो फक्त नऊ सामने खेळला, आणि त्यांतही १४ गुण! फेब्रुवारी २०११मध्ये तो अखेरचा परतला, कोलंबस आणि नॅशव्हिल इथे दोन सामने खेळला आणि १४ फेब्रुवारीला निवृत्ती जाहीर केली. गमतीची गोष्ट अशी, की स्वीडनमध्ये भोकाभोकांच्या हलक्या प्लास्टिकच्या सपाता विकणाऱ्या धंद्यात त्याने पैसे गुंतवले होते, म्हणून तिथे त्या सपातांना लोक ‘फोप्पाच्या सपाता’ म्हणतात. ज्याला आयुष्यभर मनासारखं पायताण मिळालं नाही त्याचं नाव घरोघरच्या पायताणाला!

फोर्सबर्गवरच्या बहुतेक लिखाणात एक सुस्कारा असतो: दुखापती नसत्या तर किती आकडे झाले असते. मला हा सुस्कारा पटत नाही. पायाच्या ठेवणीचा दोष वेगळा, तो नशिबाचा. पण बाकीच्या दुखापती बाजूला काढायच्या तर त्याच्या खेळातून धक्का काढावा लागेल, आणि धक्का काढला की पाठीवर माणूस घेऊन दिलेले ते पासही गेले. मग उरतो तो वेगळाच कुणीतरी सफाईदार खेळाडू. तसे पुष्कळ झाले. या पुस्तकाच्या लेखकाने आकडे भरपूर दिले आहेत, पण नसलेल्या आकड्यांसाठी अश्रू ढाळलेले नाहीत, हे मला विशेष आवडलं. एका बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. मोडोच्या कारभारात फोर्सबर्ग आणि नेस्लुंड यांनी पुढे जे लक्ष घातलं, त्यावर पुरेसं लिहिलेलं नाही. नेस्लुंड व्यवस्थापक झाला, फोर्सबर्ग त्याचा सहायक. २०१६मध्ये क्लब वरच्या लीगमधून खाली घसरला. कागदाच्या गिरण्यांच्या गावाला असा क्लब आता का झेपत नाही, हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. दुसऱ्या आवृत्तीत निदान एक प्रकरण तरी यावं.

मोठ्या विजेतेपदांचा हिशेब छोटा आणि स्वच्छ आहे. जागतिक विजेतेपदं दोन, १९९२ आणि १९९८, त्यांतलं दुसरं वडिलांच्या मार्गदर्शनाखाली. स्टॅन्ली कप दोन. ऑलिंपिक सुवर्णं दोन. तिन्ही मान दोन-दोनदा मिळवलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतके आहेत. टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याला २०१४ साली घेतलं. कोलोरॅडोने त्याचा २१ क्रमांक त्याआधीच, २०११मध्ये, कायमचा निवृत्त केला होता.

दुसऱ्या ऑलिंपिक सुवर्णाची चित्रफीत वाचकांनी जरूर शोधून बघावी. २६ फेब्रुवारी २००६, तुरिन, प्रतिस्पर्धी फिनलंड, शेजारी आणि म्हणूनच जन्माचे वैरी. फोर्सबर्ग दुखापतीमुळे स्पर्धेचे पहिले सामने खेळलाच नव्हता. दोन भाग संपले तेव्हा २-२. तिसरा भाग सुरू झाला आणि दहाव्या सेकंदाला निकलास लिडस्ट्रॉमचा फटका जाळ्यात गेला. तोच विजयी गोल ठरला. सगळ्या बातम्यांत लिडस्ट्रॉमचा फटका आहे, आणि तो आहेच देखणा. पण पक त्याच्याकडे आला मॅट्स सुंदीनकडून, आणि सुंदीनकडे फोर्सबर्गकडून. पहिल्यांदा बघाल तेव्हा लिडस्ट्रॉमकडेच नजर जाईल. मग चित्रफीत मागे न्या आणि त्या दहा सेकंदांत २१ नंबरची जर्सी कुठे कुठे जाते तेवढंच बघा.